न्हाणीत शिरलेला ट्रॅक्टर

आमची न्हाणी पडली तेव्हा ट्रॅक्टर मी चालवत होतो, असं गावात सांगतात. ते खरं नाही. मी फक्त त्याच्यावर बसलो होतो.

देवळाली प्रवरापासून जवळच आमची वस्ती आहे. तिथं गोठ्याशेजारी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना ट्रॅक्टर कित्येक वर्षं बंद उभा होता. अण्णांनी त्याच्यावर सगळी हयात काढली. गेल्या वर्षी आई गेली आणि अण्णांनी बोलणं जवळजवळ सोडलं. ओसरीवरच्या बाजेवर पडून राहायचे. जेवायला हाक मारली तर "हूं", नाही मारली तर तेही नाही.

मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. हा ट्रॅक्टर सुरू झाला, तर कदाचित अण्णाही उठतील, असं मनानं घेतलं. बायकोला, सुनंदाला, सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तुम्हाला घरातला मिक्सर उघडता येत नाही."

"मिस्त्री आहे ना सोबत."

मिस्त्री म्हणजे रशीदभाई. त्यांनी अंगणात इंजिन उतरवलं, साफ केलं, परत चढवलं. दोन महिने मी त्यांना पाने देत होतो. (निम्म्या वेळा चुकीचे.) एका संध्याकाळी हात पुसत ते म्हणाले, "सर, इंजिन झालं. ब्रेक उद्या जोडतो. तोवर हात लावू नका."

मी लावलाही नसता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना पाहिलं, अण्णा कुशीवर वळून ट्रॅक्टरकडे बघत होते. वर्षभरात त्यांनी आपणहून कशाकडे बघितलं नव्हतं. मला राहवेना. म्हटलं, नुसता आवाज ऐकवू आणि बंद करू.

मी वर चढलो. अण्णा ओसरीवरून काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. नंतर कळलं, ते "गिअर बघ" म्हणत होते.

चावी फिरवली. इंजिननं दोनदा खाकरून धूर सोडला आणि ते धडाडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत ट्रॅक्टर चालू लागला होता.

मी ब्रेक दाबला. पायडल सरळ खाली गेलं आणि तिथंच राहिलं. क्लच नावाची वस्तू तेवढी डोक्यातून साफ गेली. मग मला वाटलं, चावी काढली की संपलं. मी ती काढली, मुठीत घट्ट धरली आणि चावीशिवाय चालणाऱ्या त्या ट्रॅक्टरवर बसून अत्यंत सावकाश न्हाणीच्या भिंतीत शिरलो.

भिंत आधी फुगली, मग आत कोसळली. विटांच्या ढिगात पुढची चाकं अडकली आणि मागची जागच्या जागी माती उकरू लागली. इंजिन काही थांबेना.

तेवढ्यात माझ्या बाजूनं काठीचा आवाज आला. अण्णा बाजेवरून उठून अंगण ओलांडून आले होते. त्यांनी हात वर केला आणि स्टेअरिंगखालची एक दांडी ओढली. इंजिन बंद पडलं.

"चावीनं डिझेलचं इंजिन बंद हुतंय व्हय?" अण्णा म्हणाले. "दांडी वढायची असती. शाळंत काय शिकवत हुता पोरांना?"

वर्षातलं त्यांचं ते सर्वांत लांब बोलणं. मला हसू फुटणार, एवढ्यात न्हाणीच्या पलीकडून सुनंदा आली. केस ओले, हातात बादली.

"मी आत्ता बाहेर आले," ती म्हणाली.

मी खाली उतरलो ते सरळ जमिनीवरच बसलो. सुनंदानं बादलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. शुद्धीवर आणायला की रागानं, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी माफी मागितली, ती म्हणाली, "आधी भिंत बांधा." आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि ते बरोबरच होतं.

रशीदभाई दुपारी आले. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अण्णांजवळ जाऊन बसले. त्या दिवसापासून ते काहीही विचारायचं तर अण्णांनाच विचारू लागले. ब्रेक अण्णांनी उभं राहून जोडून घेतले.

आता अण्णा रोज सकाळी मळ्यापर्यंत ट्रॅक्टर नेतात. वर चढताना त्यांना आधार लागायचा, म्हणून सोबत मी जायचो. कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायचो, माझ्याशिवाय अण्णांचा ट्रॅक्टर हलत नाही. परवा त्यांनी वेल्डिंगवाल्याला बोलावून ट्रॅक्टरला एक जास्तीची पायरी लावून घेतली.