काहिलीत उभं राहायचं नसतं

ज्या लाऊडस्पीकरवरून हारतुऱ्यांसाठी नावं पुकारली जातात, त्याच लाऊडस्पीकरवरून माणूस बुडाल्याची बातमी कशी द्यायची, सांगाल का कुणी? मला ती तशीच मिळाली. श्रावणातली दुपार होती. भोगावती दोन्ही काठ सोडून वाहत होती आणि मी खालच्या अंगाला, जिथं काहिली काठाला लागायच्या होत्या तिथं, भूपाल आणि सादिक या माझ्या दोन मित्रांच्या सायकली धरून उभी होते. स्पर्धेचे तीन टप्पे होते. आधी डोंगरातून पळत यायचं, मग उसाचा रस ज्यात आटवतात त्या लोखंडी काहिलीत बसून नदीतून खाली यायचं आणि शेवटी सायकलवरून कोल्हापूर गाठायचं. बायकांना स्पर्धेत घेत नव्हते, म्हणून मी सायकलींपाशी. वरच्या अंगाच्या मांडवातून आवाज आला, "एका स्पर्धकाला किरकोळ अडचण आलेली आहे. प्रेक्षकांनी जागा सोडू नये. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालू राहील." पाठोपाठ बँड वाजला. ती किरकोळ अडचण म्हणजे भूपाल होता...

भूपालची आणि माझी ओळख सायकलमुळेच झाली. मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या छापखान्यात, ओल्या शाईच्या पत्रकांवरून. वडील, म्हणजे आमचे दादा, गिरणी कामगारांची, शिक्षकांची, मोलकरणींची पत्रकं छापायचे आणि ती वाटायचं काम माझ्याकडं असायचं. आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस होते, पत्रकांना ऊत आला होता. एकदा कॅरिअरला भला मोठा गठ्ठा बांधून पंचगंगेकडून गावात येणारा चढ मी चढत होते. चढ संपतो तिथं सादिकच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या फळीवर बसलेला एक उंच, काळासावळा पोरगा ओरडला, "ओ ताई, क्रांती मागं लोंबायला लागलीया!" वळून बघते तर गठ्ठा सुटून चाकाला घासत होता. मी भडकले. "हसताय काय? धरा की!" तो हसत हसतच उठला, गठ्ठा सोडून पुन्हा असा आवळला की पुढं पत्रकं वाटायला गेल्यावर मला तो सुटेना. तो भूपाल. दिवसा शहरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा, संध्याकाळी सायकल हाणत नदीकाठच्या आपल्या गावी जायचा. घर शेतकरी जैनाचं. ऊस, चार म्हशी आणि स्वतःचं गुऱ्हाळ.

'तिपेडी' हे नाव त्याचंच. दोरीला तीन पेड असतात तशी एका दिवसात तीन कामं: सायकल, पळणं आणि वल्हवणं. दर वर्षी दसरा झाला, नदीचं पाणी निवळलं, की आम्ही तिघं तांबडं फुटताना कोल्हापूर सोडायचो. राधानगरीपर्यंत सायकल. तिथं चहाच्या टपरीवर सायकली टाकायच्या आणि धरणाच्या बाजूच्या जंगलातली पायवाट धरून पळायचं. पाऊस संपला तरी जळवा संपलेल्या नसायच्या, पोटऱ्यांवरून रक्ताचे ओघळ यायचे आणि सादिक म्हणायचा, "हिच्या रक्तात लाल बावटाच हाय, जळवा बी युनियन काढतील." परत सायकलींवरून नदीच्या वरच्या अंगाला यायचो. तिथं भूपालच्या घरची बैलगाडी काहील उतरवून वाट बघत असायची. सायकली गाडीत, आम्ही काहिलीत, आणि नदी आम्हाला त्याच्या गावच्या घाटाला नेऊन सोडायची. त्या काळी असलं काही करणाऱ्याला लोक खुळा म्हणायचे. एक पोरगी दोन पोरांबरोबर करते म्हटल्यावर आणखी काय काय म्हणायचे, ते इथं लिहीत नाही.

पहिल्याच तिपेडीला माझ्या पायात गोळा आला आणि मी जंगलात मटकन खाली बसले. सांगितलं, तुम्ही व्हा पुढं. भूपाल समोर उकिडवा बसून माझी पोटरी चोळू लागला. "पुढं जाऊन काय करू? बक्षीस कोण देणार हाय हितं? गवा?" मग सरळ चेहरा करून म्हणाला, "मागं ऱ्हायल्याला टाकून पुढं जायचं न्हाय. येवढाच नियम. बाकी तुझ्या पत्रकात काय बी छाप." त्या दिवशी आम्ही तिघं रांगत म्हणावं अशा चालीनं पोचलो. घड्याळ मात्र एक होतंच, आणि ते होतं भूपालच्या आईचं. गावभर सगळे त्यांना आक्का म्हणतात. दिवस मावळल्यावर आक्कांच्या घरी चूल नाही आणि ताटही नाही. त्यामुळं सूर्य डोंगराला टेकायच्या आत घाट गाठायचाच, नाहीतर दिवसभराच्या भुकेवर रात्र काढायची. त्या पहिल्या दिवशी भिजलेल्या कपड्यांनी मी दारात अवघडून उभी होते. "आक्का, ही विद्या. राधानगरीस्नं सायकल हाणत आलीया," भूपाल म्हणाला. आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग उभी का? बस की पोरी. दिस गेला तर मी कुणाची आक्का न्हाय."

काहिलीत बसायला मला त्यानंच शिकवलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. काहील म्हणजे जाड पत्र्याची पसरट, गोल कढई, दोन माणसं ऐसपैस आणि तिसरं अंग चोरून बसेल एवढी. नावेला पुढं-मागं असतं, काहिलीला नाही. एकानंच वल्हं मारलं तर ती जागच्या जागी गरगर फिरते. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकमेकांकडं बघत एका दमात वल्हं मारायचं, तेव्हा कुठं ती सरळ जाते. आणि काही झालं तरी उभं राहायचं नाही. महापुरात याच काहिलींनी तिथल्या गावांतली माणसं बाहेर काढली आहेत. तिथल्या पोरांना हे पोहण्याच्या आधी शिकवतात. "ही सासू हाय, सासू," भूपाल म्हणायचा. "बसलास तर सांभाळती. उठलास की घराभाईर."

मग आमची ही खुळी तिपेडी कुणाच्या तरी डोळ्यांत भरली. त्या भागातल्या साखर कारखान्याच्या चेअरमनना सगळे साहेब म्हणतात. मीही तेवढंच म्हणते. साहेबांचा वाढदिवस श्रावणात येतो. कार्यकर्त्यांना कुस्त्यांचा आणि बैलांच्या शर्यतींचा कंटाळा आला होता, नवीन काहीतरी पाहिजे होतं. जीप गावात आली, चावडीत बैठक झाली. मी आणि सादिक दाराशी उभे होतो. भूपालनं तीन गोष्टी मागितल्या. दसऱ्यानंतर घ्या, काठावर दोर आणि एक नाव ठेवा, आणि काहिलीत कुणाला उभं करू नका. पहिलीवर एक कार्यकर्ता म्हणाला, "म्हंजे साहेबांचा वाढदिवस दसऱ्याला न्यायचा काय आता?" चावडी हसली. दुसरीला 'बघू' म्हणाले. तिसरीसाठी एकानं कार्यक्रमपत्रिका पुढं सरकवली, तिच्यात मुजरा आधीच छापलेला होता. प्रत्येक काहील मांडवासमोरून जाताना स्पर्धकांनी उभं राहून साहेबांना मुजरा करायचा, आखाड्यात उतरलेला पैलवान करतो तसा.

मी भूपालला म्हणाले, जाऊ नकोस. तो त्याच्या घराबाहेरच्या कट्ट्यावर बसला होता. आत त्याचे काका आक्कांना सांगत होते, की पोरानं नाही म्हटलं तर यंदा कारखान्याची तोडणीची टोळी आपल्या फडाकडं फिरकायची नाही, ऊस उभा वाळेल. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. उसाचा राजा कोण आणि रयत कोण, हे सांगायला तिथं पत्रक लागत नाही. शेवटी भूपाल म्हणाला, "मी न्हाय गेलो तरी काहिली सुटणारच की. मग निदान एक तरी काहील पाणी वळखणारी असू दे त्यात." मी म्हटलं, मी पत्रक काढते. "काढ," तो म्हणाला. "पण पाणी पत्रक वाचत न्हाय, विद्या." मी काढलं. गावोगाव वाटलं. लोकांनी ते वाचलं आणि त्याच कागदात शेंगदाणे बांधून काठावर आले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सादिकनं सांगितलं, काठावरच्या माणसांनी सांगितलं, आणि कुणाच्याही सांगण्यात फरक नाही. सादिक आणि भूपालची काहील मांडवासमोर पहिली आली. दोघं बसूनच राहिले. लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "ह्यांच्या पाठीला बाक न्हाय वाटतं! असू दे, मागच्यांनी दाखवा कोल्हापूरचं पाणी!" मागच्या काहिलीत शेजारच्या गावची दोन पोरं होती, मिसरूडही न फुटलेली. त्यांना कुणीतरी नावानं हाक मारली. ती उठली. एकाचा हात कपाळाला लागायच्या आधीच काहील पालथी झाली आणि बुडाली. पाण्याला ओढ होती, पोरं वाहत खाली आली. भूपालनं सादिकला ओरडून सांगितलं, "तू काहिलीच्या पलीकडच्या कडंला रेलून बस, हलू नको!" काहिलीत बुडत्या माणसाला एका बाजूनं ओढलं तर तीही पालथी होते. समोर तोलाला माणूस पाहिजे आणि पाण्यातून वर ढकलायलाही पाहिजे. भूपाल पाण्यात उतरला. एकाला खालून ढकलून आत घातलं. मग दुसऱ्याला. आता काहिलीत तिघं झाले होते आणि पाणी तिच्या कडेला टेकलं होतं. चौथ्याचा नुसता हात पडला असता तरी ती गेली असती. भूपालला हे सादिकपेक्षा जास्त कळत होतं. त्यानं कड सोडली...

तो लगेच बुडाला नाही, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. काठाजवळ पाण्यात बुडालेल्या बाभळी होत्या. त्यांतल्या एकीची फांदी त्यानं धरली होती. मांडवापासून ती जागा इतकी जवळ होती, की त्याचा चेहरा लोकांना दिसत होता. सादिक घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "दोर टाका! दोर टाका!" नाव नव्हती. दोर तर होते. मांडवाच्या प्रत्येक खांबाला, प्रत्येक कनातीला, कमानीला दोरच दोर होते. एक म्हातारा उठला आणि खुंटीचा दोर सोडायला लागला. कुणीतरी त्याचा हात धरला. "अवो, मांडव पडंल!" त्यावर बोलाचाली झाली. बोलाचाली होईपर्यंत फांदी मोडली.

मांडव पडला नाही. साहेबांना हार घातले गेले. दुसऱ्या दिवशी भूपाल खालच्या गावाला सापडला. मी त्याचे पाय पाहिले. राधानगरीच्या वाटेवर माझ्यापुढं धावणारे पाय... त्यापुढं मला लिहिता येत नाही.

त्यानंतर वर्तमानपत्रांत 'धाडसी युवकाचे अपघाती निधन' असं आलं. अपघात म्हणजे वीज पडते तो. पुराच्या पाण्यात माणसाला उभं राहायला लावणं हा अपघात नव्हे, ती सवय आहे, आणि ती सवय आपल्या सगळ्यांची आहे. परवा मी आक्कांकडं गेले होते. अंगणात जीप उभी होती. त्याच चावडीतले दोघं कार्यकर्ते घराच्या पुढच्या सोप्यावर बसून बोलत होते. पुढच्या वर्षीपासून स्पर्धेला भूपालचं नाव द्यायचं ठरलं आहे. चांदीचा स्मृतिचषक. तारीख तीच, नदी तीच, मुजराही तोच. तोही आता चषकाला म्हणे. आक्का ऐकत होत्या. त्यांच्या पायाशी काहील पालथी घातलेली होती, पागोळ्यांचं पाणी तिच्यावर वाजत होतं. बोलणं संपल्यावर आक्का म्हणाल्या, "कप तुमचा, घेऊन जावा. नाव माझ्या लेकाचं हाय. ते हितंच ठेवून जावा." दोघं उठले. जाताना एकजण मला ऐकू जाईल असा म्हणाला, "म्हातारीचं काय, होईल गप. काहिली गोळा करायच्या तेवढ्या बघू."

तो बरोबर बोलला. नाव मिळालं नाही तरी त्यांची स्पर्धा होईल, मंडप मिळेल, बँड मिळेल, माणसं मिळतील. काहिली मात्र त्यांच्याकडं नाहीत. त्या तुमच्याकडं आहेत. तुमच्या गुऱ्हाळात, तुमच्या भावकीच्या गुऱ्हाळात, शहरात नोकरी करणाऱ्या वाचकहो, तुमच्या गावाकडच्या परड्यात आहेत. पुढच्या श्रावणात जीप येईल, गोड बोलेल, उसाची आठवण करून देईल. भीती वाटेल, मला ठाऊक आहे. एकट्यानं नाही म्हणू नका, आधी शेजारच्या गुऱ्हाळवाल्याकडं जा, मग त्याच्या शेजारच्याकडं. आजच जा. पत्र लिहून गावी कळवायचं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ते पत्र आधी लिहा. एवढंच लिहा, की काहील द्यायची नाही.