ठेवू का फोन?

आमच्या दिघाशीत बोलणं संपलं म्हणून कुणी फोन कट करत नाही. आधी "ठेवू का?" विचारायचं आणि समोरून "ठेव" आलं की मग ठेवायचा. माझी आई तर "ठेव" ऐकल्यावरही आणखी दोन गोष्टी काढते.

जवळच्या वळ गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात मी फोनवर बोलायच्या कामाला लागले. गिऱ्हाइकांना त्यांचा माल कुठवर पोचला ते इंग्रजीतून सांगायचं. आधी हंगामी, पसंत पडले तर कायम. मी कायम झाले की आईची पॅकिंगची ड्युटी सोडवायची, एवढंच डोक्यात होतं. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे.

पहिल्याच आठवड्यात एका बाईंना सगळी माहिती देऊन मी अदबीनं विचारलं, "शॅल आय कीप द फोन, मॅडम?" मागे साहेब उभे होते. ते हसले. हसून थांबले असते तरी चाललं असतं, पण दुपारी सगळ्यांना जमवून त्यांनी माझी नक्कल केली. ज्यांना इंग्रजीत धड नाव सांगता येत नव्हतं, तेही खिदळले. "असं कोणी बोलत नाही," साहेब म्हणाले. "थँक यू फॉर कॉलिंग म्हणायचं आणि कट करायचं. विचारायचं काय त्यात?"

मी इरेला पेटले. मोबाइलवर व्हिडिओ लावून 'प्लीज होल्ड द लाइन', 'आय विल गेट बॅक टू यू' घोकत राहिले. भाकरी थापतानाही तोंडात तेच. आई म्हणायची, "कुनाशी बोलतेस गो? हातात फोन तर न्हाय."

सगळं जमलं. फक्त आधी फोन कट करायला हात धजेना. समोरच्यानं ठेवेपर्यंत मी गप्प थांबायचे. साहेबांना त्याचाही राग यायचा.

एका रविवारी त्यांचाच फोन आला. आई शेजारी कान देऊन बसली होती. "वुई वोन्ट बी कीपिंग यू ऑन. ऑल द बेस्ट." मी "का सर?" म्हणेपर्यंत फोन कट. इंग्रजी अगदी निर्दोष होतं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

"काय म्हनाले साहेब?" आईनं विचारलं.

"नको म्हणाले. ठेवला फोन."

"न इचारताच?"

मी मान हलवली. मग ती भिंतीला धरून उठली आणि दोरीवरचा ड्युटीचा कोट सकाळसाठी काढून घेतला.