रुमियातीच्या हातातला गुंटुर

रुमियाती आमच्या शेजारची, भिंतीला भिंत. लग्नाला पाच महिने झाले आणि तिचा नवरा सुगोंडो तैवानला कारखान्यात कामाला गेला. जाताना तो आईच्या पाया पडला, बायकोच्या हातात पिंजऱ्याची किल्ली ठेवली आणि म्हणाला, "गुंटुरला जप." गुंटुर म्हणजे त्याने पाळलेला घोरपडीचा नर. तेव्हा हातभर होता. चार वर्षांत माणसाहून लांब झाला.

रुमियातीला पालीचीसुद्धा किळस. पण गुंटुर जेवतानाचा व्हिडिओ सुगोंडोला दर आठवड्याला लागायचा. कोंबडीची मुंडकी, शेतातले उंदीर, मासे. घरात अंडी आली की सासू आधी गुंटुरची बाजूला काढायची. एकदा रुमियाती तापाने दोन दिवस पडून राहिली, व्हिडिओ गेला नाही, तर सुगोंडोने महिनाभर तिचा फोन उचलला नाही. पहिल्याच वर्षी गुंटुरने तिचं मधलं बोट हाडापर्यंत चावलं. तिने रडत फोन केला, "कांग, गुंटुर चावला." नवऱ्याला ती कांगच म्हणायची.

"त्याचा दात नाही ना तुटला?" सुगोंडोने विचारलं.

बोट वाकडंच राहिलं.

हळूहळू ती शिकली. खाणं द्यायचं ते पिंजऱ्याबाहेरच्या टबात, लांब चिमट्याने. उचलायचं तर आधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, खाण्याचा वास राहिला तर तो हातच धरतो. मग पाठीवरून बांबूची काठी हलकेच फिरवायची, म्हणजे आता खाणं नाही हे त्याला कळतं. हात वरून न्यायचा नाही, बाजूने न्यायचा. चावलाच तर ओढायचं नाही, तोंडावर पाणी ओतायचं. शेवटी शेवटी गुंटुर तिच्या मांडीवर हनुवटी टेकून अंगणात ऊन खात पडायचा.

"पोर होईना, तर सरडा घेऊन बसलीये," सासू म्हणायची. नवरा तैवानात असताना पोर होणार कसं, हे सासूला कोणी विचारलं नाही.

सुगोंडो सुट्टीवर घरी आला, तेव्हा चौथ्या दिवशी त्याचे मित्र जमले. अंगणात कोंबड्या भाजायला घेतल्या होत्या. मीही मसाला वाटायला गेले होते. सुगोंडो स्वतः कोंबड्या साफ करत होता, हात मनगटापर्यंत रक्ताने माखलेले. मध्येच त्याने रुमियातीचा हात धरून वर केला आणि मित्रांना तिचं बोट दाखवलं.

"हे बघा, बाईसाहेबांचा आकडा. यावर टोपी टांगता येते."

सगळे हसले. सासूही हसली. रुमियातीने हात सोडवून घेतला.

"गुंटुरला काढतो बाहेर," सुगोंडो उठला. हात त्याने कमरेच्या सारोंगला पुसले. "काय गं रुम, काठीबिठी काय म्हणत होतीस? लागते का?"

रुमियातीने त्याच्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"तुमचाच आहे तो, कांग," ती म्हणाली. "तुम्हाला मी काय शिकवू?"

त्याने दार उघडून वरून हात घातला. गुंटुरने अंगठ्यासकट अर्धा पंजा धरला. सुगोंडो ओरडत ओढू लागला, तसा गुंटुर गरकन फिरला. पाण्याची बादली रुमियातीच्या पायाशीच होती. ती बघत उभी राहिली. मी "रुम, पाणी" म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा कुठे तिने बादली उचलली.

डॉक्टरांनी हात शिवला, पण अंगठा पुन्हा वळला नाही. कारखान्याची नोकरी गेली.

घरी आल्यावर सुगोंडोने कातडी घेणाऱ्या जैमुनला बोलावलं. जैमुनने फास टाकून पाहिला, पण गुंटुरने शेपटीच्या फटक्यात त्याची नडगी फोडली.

"रुम, तू काढ त्याला," सुगोंडो दारातून म्हणाला. "तुझं ऐकतो ना तो? तूच धर."

"मला नका सांगू, कांग."

"धर. नाहीतर जैमुन उकळतं पाणी ओतेल पिंजऱ्यात. तसं चालेल?"

तिने कोपरापर्यंत हात धुतले. काठी फिरवली. गुंटुर जीभ लपलपवत आपणहून बाहेर आला आणि तिच्या हातावर छाती टेकून पडला. तिने त्याला पोटाशी धरलं. जैमुनचा सुरा बोथट होता. वेळ लागला. तिने पकड सैल केली नाही.

नंतर मी तिला मोरीत हात धुवायला पाणी घालत होते.

"त्याचे हात रक्ताचे होते, तुला दिसलं होतं," मी म्हटलं.

"दिसलं होतं."

"मग?"

"यांनाच लागेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "गुंटुरचं मनात आलंच नाही माझ्या."

पुढच्या वर्षी ती हाँगकाँगला घरकामाला गेली. आता सुगोंडो दर रविवारी तिला फोन लावतो. ती उचलत नाही. मग तो भिंतीपलीकडून मला म्हणतो, "वहिनी, तुमच्या फोनवरून लावून बघा." मी लावते. ती माझ्याशी बोलते, पाऊसपाणी विचारते. त्याचं नाव काढलं की म्हणते, "ठेवते आता, मालकिणीचं जेवण करायचंय."