आतल्या बाजूचा पाला

रविवारी दुपारी समोरच्या डोंगरावर वणवा लागला. मध्ये फक्त ओढा होता आणि वारा आमच्या रानाकडे वाहत होता.

आगीला ओलांडता येऊ नये म्हणून हद्दीवर झाडून मोकळा ठेवायचा जाळपट्टा आदल्या आठवड्यात मी स्वतः साफ केला होता. रान सांभाळणारे भिकाजीकाका तेव्हा लेकीकडे गेले होते.

"पाला आतल्या अंगाला कुणी ओढला?" त्यांनी विचारले.

"मीच. झाडांना खत होईल म्हणून."

"झ्याक! वणव्याला पाट मांडून ताट वाढलंत की, मालक. एक ठिणगी उडाली की बसलाच तो जेवायला."

ऐनांच्या बुंध्यांशी असे सात ढीग होते.

सातबाऱ्यावर या रानाला माझे नाव आहे. पावसाळ्यात ओढा बांध कुठे फोडेल, थंडीत कुऱ्हाड कुठून शिरेल आणि शिमग्यानंतर धूर कुठे दिसेल, ही धास्ती शहरातही सोबत असते. भिकाजीकाकांच्या नावावर इथले एक पानही नाही. पण पाला कोणत्या बाजूला ओढायचा, हे त्यांना ठाऊक आहे.

आम्ही चादरीत पाला भरून उघड्या कातळावर नेऊन टाकू लागलो. मी सारखा वळून डोंगराकडे पाहत होतो.

"उचला, मालक. बघून आग थांबत नाही."

सूर्य मावळला तेव्हा सहा ढीग हलले होते, एक उरला होता. आग ओढ्याच्या पलीकडच्या काठाशी आली होती. वारा अजून आमच्याकडेच होता.