सुरात असलेली मान

आमच्या घरात मुलगा नीट बोलायला लागला की त्याला मान हलवायला शिकवतात. काशीत ब्रह्माघाटाच्या गल्लीत ऋग्वेद शिकवणारी मराठी घरं आता थोडीच उरलीत, त्यातलं एक आमचं. स्वर उतरायचा तिथे गुरुजी शिष्याचं डोकं धरून खाली दाबतात, चढायचा तिथे वर उचलतात. माझे गुरुजी म्हणजे खुद्द बाबाच. त्यामुळे दाबताना परकेपणा अजिबात नव्हता.

परिणाम असा झाला की माझं पाठांतर चोख झालं, मान पक्की तयार झाली आणि आवाज मात्र आपल्या वाटेने गेला. मान खाली जायची तेव्हा आवाज वर असायचा. मान वर गेली की आवाज कुठे असेल ते विश्वनाथालाच ठाऊक.

बाबांचं एकच तत्त्व. जे येत नाही, ते आधी. "येतं ते येतंच की! त्याला रोज काय ओवाळायचं?" म्हणून पाठांतराबद्दल शाबासकी कधीच मिळाली नाही आणि आवाजावर उपाय मात्र पहाटेपासून चालायचे. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. एकदा गंगेत छातीभर पाण्यात उभं करून म्हणायला लावलं. शेजारी स्नान करणाऱ्या गृहस्थांनी डुबकी मारली, ते थेट पलीकडच्या घाटावर वर आले.

काकांचं मत उलट. काका रेल्वेत नोकरीला होते, पण बसायचे पानाच्या दुकानावर. "दादा, छोड़िए ना आता," ते म्हणायचे. "जे येतं त्याच्याच मागे लागू दे पोराला."

"काय येतं त्याला?" बाबांनी विचारलं.

काका विचारात पडले ते पान संपेपर्यंत.

उत्तर सापडलं ते आईला, उन्हाळ्यात. गच्चीवर कुरडया घातल्या की माकडांची टोळी हजर व्हायची. मी तिथे सराव करत होतो त्या दिवशी ती अर्ध्यातून परतली. दुसऱ्या दिवशी आईने मला पुन्हा वर पाठवलं. "वेद नको हं, पाप लागेल. पाढे म्हण. पण चाल तीच ठेव." पुढे शेजारणीही बोलवायला लागल्या. बाबा त्या दिवसांत माझ्याशी जेवणापुरतं बोलत.

यथावकाश मी बँकेत लागलो. तिथे कोणीच सुरात बोलत नाही, त्यामुळे बरं चाललंय. मध्यंतरी प्रशिक्षणाला आलेले साहेब म्हणाले, आपलं बळ ओळखा आणि तेच वाढवा, उणिवांच्या नादी लागू नका. यांना एकदा बाबांसमोर बसवावं असं मनापासून वाटलं.

आणि मग ऐंशीकडे झुकलेले बाबा स्वतःच अडखळले. दोन मंत्र सारखेच सुरू होतात, पुढे वाटा फुटतात. बाबा भलत्या वाटेने गेले, परत आले, पुन्हा त्याच वाटेला लागले. आमच्या गल्ल्यांत नवा यात्रेकरू फिरतो तसं चाललं होतं. मग म्हणाले, "चहा आण." पाठ अर्धवट टाकून त्यांनी कधी चहा मागितला नव्हता. मला भीती वाटली.

वसंतपूजा जवळ आली होती. त्या दिवशी वैदिक मंडळी दोन ओळींत समोरासमोर बसतात, मंत्र म्हणतात, शेवटी केशरी दूध असतं. चुकलं तर कोणी टोकत नाही. समोरच्या ओळीतल्या, स्वराबरोबर हलणाऱ्या माना थांबतात, बस. भल्याभल्यांना त्याची दहशत.

"यंदा मी जाणार नाही," बाबा म्हणाले. "घुटने दुखतात."

माझं डोकंच सटकलं. "गुडघे बरे आहेत तुमचे! जे येत नाही ते आधी, हे कोण सांगायचं मला?"

"हळू बोल," आई आतून म्हणाली. "माकडं पुढच्या मोहल्ल्यात जातील."

वसंतपूजेच्या दिवशी बाबा धोतर नेसून तयार झाले. एरवी मी तिथे मागे, चपलांजवळ बसतो. त्या दिवशी कोणी न बोलावता बाबांच्या समोरच्या ओळीत जाऊन बसलो. दोन-चार जणांनी काळजीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ते घट्ट मिटून ठेवलं होतं.

वाटा फुटतात तिथे बाबांचा आवाज मंदावला. आमच्या ओळीतल्या माना आता थांबणार असं दिसत होतं. माझी खाली गेली. मी काही ठरवून केलं नाही, तिला दुसरं येतच नाही. बाबांची नजर तिच्यावर होती. त्यांचा स्वर खाली आला, बरोबर शब्द मिळाला, आणि मंत्र सरळ शेवटाला गेला.

दूध पिताना एका वृद्ध वैदिकांनी विचारलं, "चिरंजीव मनातल्या मनात म्हणत होते ना? मग मोठ्याने का नाही म्हणत?"

"नको!" बाबा इतक्या घाईने म्हणाले की सगळे हसले. मला थोडं लागलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी हाक मारली. मला वाटलं, पुन्हा ज्येष्ठमध. पण त्यांनी आपलं आसन माझ्या समोर मांडलं होतं. लहानपणापासून ते माझ्या शेजारी बसत आले, हात माझ्या डोक्यावर ठेवून.

"मी अडकतो ना, तिथून सुरू करायचं," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"तू नाही. मी म्हणणार. तू फक्त मान दिसू दे."

ते म्हणू लागले, माझ्याकडे बघत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला थांबलो असतो तर बाबा चुकले असते.