सुरूच्या पायघड्या

कणकवलीहून सुटलेल्या बसने सकाळी सहाला मला चेंबूरला उतरवलं, तेव्हा पाठ आणि गुडघे दोन्ही संपावर गेले होते. मुंबईला मी काही हौसेने आलो नव्हतो. मुलीला घरी न्यायला आलो होतो.

मुलगी म्हणजे मृणाल. पाच वर्षं अंधेरीत भाड्याने राहते आणि शूटिंगचे सेट उभारते, आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली. मढच्या एका बंगल्यात होणारी जाहिरात हे तिचं स्वतःच्या जबाबदारीचं पहिलं काम. हे फसलं तर गावी परत यायचं आणि मी निवृत्त झाल्यापासून शाळेत रिकामी पडलेली चित्रकलेची जागा धरायची, असं आईने तिच्याकडून फोनवर कबूल करून घेतलं होतं. निघताना ही मला म्हणाली, ‘‘बघून या. जमलं तर घेऊनच या.’’

चेंबूरला माझा आतेभाऊ दत्ता राहतो. त्याच्याकडे आंघोळ उरकली, घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि चहा झाला. मढला जायचंय म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला. ‘‘मेल्या, मढ म्हंजे काय नाक्यावरचो वाणी आसा? पोचासर अर्धो होतलस.’’

दत्ताचं खरं निघालं. घाटकोपरपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रोने वर्सोवा. मेट्रोच्या गारव्यात माझा डोळा लागला आणि शेवटच्या स्टेशनवर शेजारच्या बाईंनी हलवून उठवलं. पुढे पुन्हा रिक्षा आणि मग धक्का. खाडीपलीकडे मढ इतकं जवळ दिसत होतं की पोहून जावं, पण बोटीत चढताना माझा पाय घसरला आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजली. बोटीत मोटारसायकली उभ्या होत्या आणि त्यांच्या मधे माणसं. रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका कोळणीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

‘‘शूटिंगला काय, काका? म्हाताऱ्याचं काम भेटलं?’’

‘‘नाही, मुलीकडे चाललोय,’’ मी म्हटलं.

‘‘मग भिजलात ते फुकटच,’’ ती म्हणाली आणि बोट लागली.

बंगल्याच्या हिरवळीवर परदेशातलं लग्न मांडलेलं होतं. पांढऱ्या जाळ्या, कापडी गुलाब आणि मागे आपला साधा अरबी समुद्र. कोटाच्या कापडाची जाहिरात होती. नवरा-नवरी आणि नवरीची आजी पायऱ्या उतरून बर्फातून फाटकापर्यंत चालत येणार, एवढंच दृश्य. मृणालचे डोळे तारवटलेले होते. ‘‘आलात बाबा? सावलीत बसा. आणि प्लीज, कशाला हात लावू नका,’’ म्हणून ती निघूनही गेली.

दुपारी वारा सुटला. कापूस आणि कागदाच्या तुकड्यांचा तिचा बर्फ उडून सगळा पोहण्याच्या तलावात गेला. दिग्दर्शक पोरगा डोकं धरून खाली बसला. ‘‘वाट लागली यार. साडेपाचनंतर ऊन नाही. आणि उद्यापासून बंगला सिरियलवाल्यांचा.’’

मृणाल उघड्या पडलेल्या मातीच्या वाटेकडे बघत उभी राहिली. लहानपणी चित्रावर पाणी सांडलं की ती अशीच उभी राहायची. मला राहवलं नाही. कुंपणाशी सुरूची झाडं होती आणि नुकत्याच छाटलेल्या फांद्यांचा ढीग खाली पडला होता.

‘‘आपल्याकडे नवरी घरात येते तेव्हा पायघड्या घालतात ना,’’ मी म्हटलं. ‘‘कापड नको, ह्या फांद्या पसर. लांबून नाताळच्या झाडासारख्या दिसतील.’’

तिने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. दोन कामगार आणि मी, तासभर वाकून आम्ही ती वाट भरून काढली. टोकं एका दिशेला, देठ झाकलेले, मधे कुठे माती दिसू नये असं. माझी कंबर गेली, पण काम देखणं झालं. दिग्दर्शक म्हणाला, ‘‘झकास, काका. एकदम युरोप.’’ आणि मृणाल हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

मग आजीचं काम करणारी बाई तयार होऊन आली. तिचं नाव इल्झे, देश लाटविया (बाल्टिक समुद्राकाठचा एक छोटा देश). बारा वर्षांपूर्वी योग शिकायला आली आणि अंधेरीतच राहिली. तिची हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार होती. ती पहिल्या पायरीवर आली आणि तिथेच थांबली.

‘‘ये किसने डाला?’’

तिने फांद्यांकडे बोट दाखवलं. ‘‘हमारे गाँव में इस पे शादी नहीं जाता,’’ ती हलक्या आवाजात म्हणाली. ‘‘मय्यत जाता है.’’

आवाज हलका होता, पण कापड कंपनीचे साहेब तिच्या मागेच उभे होते. लग्नाच्या जाहिरातीत मयताची वाट त्यांना कशी चालणार? ‘‘उचला ते सगळं,’’ ते म्हणाले. फांद्या उचलल्या. सुरूची बारीक पानं मात्र मातीत आणि गवतात रुतून बसली होती, ती हाताने वेचावी लागली. वेचता वेचता ऊन गेलं. पावणेसहाला काम गुंडाळलं आणि साहेब मृणालशी एक शब्दही न बोलता गाडीत बसले.

आम्ही तिघं पायऱ्यांवर चहा घेत बसलो. इल्झेला फार वाईट वाटत होतं. ‘‘मैं चुप रहती तो अच्छा था,’’ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचे आजोबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत सुईसारख्या बारीक पानांच्या एका झाडाच्या फांद्या तिने आईबरोबर टाकल्या होत्या आणि त्यावरून शवपेटी नेली होती. म्हणून तिथे धंदा बुडाला, परीक्षा गेली, लग्न मोडलं, काहीही फसलं की म्हणतात, ‘आइझगाया पा स्कुयू ताकू’ (सुईपानांच्या वाटेने गेलं). मी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि वहीत उतरवलं. मास्तरकी सुटत नाही.

‘‘म्हणजे आज आपलं तेच झालं,’’ मृणाल म्हणाली. इल्झेने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मृणाल मला धक्क्यापर्यंत सोडायला आली. बोट पलीकडून निघायची होती. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात आम्ही उभे होतो.

‘‘बाबा, फांद्यांचं तुम्हाला माहीत नव्हतं. कोणाला असणार?’’ ती म्हणाली. ‘‘पण पॅकअप म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटलं ना? खरं सांगा.’’

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. ‘‘वाटलं,’’ मी म्हटलं. ‘‘दोन सीटांचं तिकीट काढायचं, एवढंच डोक्यात आलं.’’

तिने माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. ‘‘मी येत नाहीये. आईला शब्द दिला होता, तो मी मोडतेय.’’

‘‘आता काम कोण देणार तुला?’’

‘‘माहीत नाही. परत कुणाच्या तरी हाताखाली. ते जमतं मला.’’ बोट लागल्यावर तिने माझी पिशवी आत ठेवली आणि मला हात देऊन चढवलं. सेटवरच्या जाळ्या काढायच्या राहिल्या होत्या, म्हणून ती थांबली नाही.

परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही. छत्तीस वर्षं मुलांच्या फसलेल्या चित्रांखाली मी ‘पुन्हा काढ’ असं लिहीत आलो. पोटच्या मुलीचं एक चित्र फसेल, या आशेवर मात्र चारशे किलोमीटर गेलो. आशाच म्हणायची तिला, दुसरा शब्द नाही. स्वतःची इतकी लाज मला पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

घरी पोचलो. दार उघडून हिने आधी माझ्या मागे पाहिलं.

‘‘एकटेच? म्हणजे काम झालं का तिचं चांगलं?’’

‘‘नाही. फसलं.’’

‘‘मग शब्द दिला होता ना तिने?’’

मी पिशवी खाली ठेवली. ‘‘तिला फोन कर,’’ म्हटलं. ‘‘पण रागावू नकोस. फसलं ते माझ्यामुळे.’’