फुटला की फोडला

आमचे हे समुपदेशक. बायकोला मारणाऱ्या पुरुषांना कोर्ट त्यांच्याकडे पाठवतं. दर गुरुवारी बारा जण, एक खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, ह्यांची दाराजवळ. माणूस इतका मवाळ, की झुरळ दिसलं तरी मला हाक मारायचा. "त्या बाराजणांपुढे तुमचं कसं व्हायचं?" मी चिडवायचे, हे हसायचे.

त्या खोलीत 'हात उठला' म्हणायला बंदी. 'मी मारलं' म्हणायचं. 'तिला लागलं', 'ताट पडलं' हेही चालत नाही. हे म्हणतात, या वाक्यांत सगळं घडतं, फक्त करणारा सापडत नाही. शिवाय दर शनिवारी त्या बायकांना फोन करून विचारायचं, सगळं ठीक आहे ना? उत्तराआधी ती किती थांबते, तिकडे कान ठेवायचा. "ठीक म्हणायला वेळ लागला, की ते ठीक नसतं," हे मला ह्यांनीच शिकवलं.

या कामाच्या पाचव्या वर्षी ह्यांचं हसणं गेलं. जेवून झालं की हात मांडीखाली. "माझा आवाज चढला का गं?" दिवसातून दहादा. एकदा म्हणाले, "ते लोक वेगळे दिसतील वाटलं होतं. माझ्यासारखेच दिसतात." ते ऐकून मी घाबरले. घाबरले की मी चेष्टा करते, ही माझी जुनी खोड.

गेल्या रविवारी सकाळी भाऊ जेवायला यायचा होता आणि हे तोंड पाडून बसलेले. मी म्हटलं, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!"

चहाचा कप माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला.

आमची नऊ वर्षांची लेक धावत आली. "काय झालं?"

"कप फुटला," हे म्हणाले.

"बाबांच्या हातातून निसटला गं," मी म्हणाले. मला कुणी पढवलं नव्हतं. शब्द तोंडात तयारच होते.

लेकीने भिंतीवरचा चहाचा ओघळ पाहिला. निसटलेला कप खाली पडतो, एवढं तिला कळतं. "फुटला की फोडला?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "फोडला. मी आईवर फेकला."

खरं बोलले, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मी नुसती घाबरले. तुकडे उचलायला त्यांचा हात पुढे आला, तशी मी मागे सरकले, आणि ते त्यांनी पाहिलं.

भावाला मी येऊ नको म्हणून कळवलं. सोमवारी ह्यांनी ऑफिसात वरच्या बाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "शनिवारच्या यादीत माझं घर घाला."

शनिवारी लेक टेबलाशी चित्र काढत होती, हे गॅलरीत. फोन वाजला. बाईंचा आवाज ओळखीचा, लेकीच्या वाढदिवसाला घरी आलेल्या.

"वहिनी, सगळं ठीक आहे ना?"

लेकीची पेन्सिल थांबली. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पलीकडे बाई ऐकत होत्या, आणि मी अजून काहीच बोलले नव्हते.